आवाज आला, आता तोलाकडे पाहूया

आईबाबांनो,

ज्यांच्या लेकराला कॉक्लियर इम्प्लांट झालं आहे किंवा लवकरच व्हायचं आहे, अशा तुम्हा सगळ्यांशी आज मनातलं बोलायचं आहे. मी लखनौत राहते आणि ऐकू न येणाऱ्या मुलांचा तोल, चालणं, पळणं यावर काम करते. इथे किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ आहे. गावातले लोक त्याला आजही ‘मेडिकल कॉलेज’च म्हणतात. रायबरेली रोडवर संजय गांधी पदव्युत्तर संस्था, म्हणजे ‘पीजीआय’ आहे. दोन्हीकडे ही शस्त्रक्रिया होते. गोंडा, बहराइच, बस्तीकडून रात्रभर प्रवास करून पालक येतात. बँकेच्या, रेल्वेच्या, लष्कराच्या नोकरीमुळे इकडे बदली होऊन आलेली आपली मराठी कुटुंबंही भेटतात. सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, “आमचं बाळ बोलेल ना?” चालण्याबद्दल मात्र कुणी फारसं विचारत नाही. बोलता बोलता आई हळूच सांगते, “हा जरा धडपड्याच आहे हो,” किंवा “ही आळशी, चालायलासुद्धा उशीरच केला.” आजी म्हणते, “हाडं कच्ची आहेत, तेल कमी पडलं.”

या सगळ्या आयांना मला हात धरून सांगावंसं वाटतं की तुमचं मूल आळशी नाही आणि मालिश कमी पडल्याने काही बिघडलेलं नाही. ज्या कानाने त्याला ऐकू आलं नाही, त्याच कानात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. एक बिघडली तेव्हा दुसरीलाही धक्का लागला असण्याची शक्यता बरीच असते. इम्प्लांट ऐकण्याचं काम हाती घेतं. तोलाचं काम आपल्याला, म्हणजे तुम्हाला, मुलाला आणि आमच्यासारख्यांना मिळून करावं लागतं.

कानाच्या आत खोलवर, कवटीच्या फार टणक हाडात आंतरकर्ण असतो. त्यातला शंखाकृती भाग म्हणजे कॉक्लिया. ती ऐकते. तिला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन छोट्या पिशव्या असतात. त्या ऐकत नाहीत. डोकं कुठे वळलं, कुठे कललं, शरीर वर गेलं की खाली, हे मेंदूला कळवतात. नलिका तीन दिशांना बसवलेल्या असतात. मान वळली की आतला द्रव हलतो आणि केसांसारख्या सूक्ष्म पेशी वाकतात. पिशव्यांमध्ये कॅल्शियमचे अगदी बारीक खडे असतात, त्यांच्या वजनामुळे खाली कुठे आणि वर कुठे हे समजतं. गवंडी पाणसळ ठेवून फरशी समतल आहे का ते बघतो. ही यंत्रणा म्हणजे आपल्या डोक्यातलं पाणसळच. कॉक्लिया आणि हे पाणसळ यांच्यातले द्रव एकमेकांना जोडलेले असतात, पेशी एकाच जातीच्या असतात, आणि दोन्हींचे निरोप मेंदूकडे नेणारी नसही एकच, मेंदूच्या नसांपैकी आठवी. म्हणूनच जन्मतः किंवा आजारात कॉक्लियाच्या पेशी गेल्या की शेजारच्या पेशीही कमीजास्त गेलेल्या आढळतात. निरनिराळ्या अभ्यासांतले आकडे वेगवेगळे आहेत, पण तीव्र श्रवणदोष असलेल्या मुलांपैकी निम्म्याच्या आसपास मुलांच्या तोलाच्या यंत्रणेत काही ना काही उणीव सापडते. काही मुलांत तर ती दोन्ही बाजूंना पूर्ण बंद असते.

ही गोष्ट नवी नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1882 मध्ये ऐकू न येणाऱ्या 519 जणांना गोल गोल फिरवल्यावर काय होतं याची माहिती गोळा केली. त्यातल्या 186 जणांना चक्कर आलीच नाही. पुढे 1950च्या दशकाच्या अखेरीस, माणसाला अवकाशात पाठवण्याची तयारी सुरू असताना, अमेरिकेच्या नौदलाने आणि ‘नासा’ने गॅलॉडेट महाविद्यालयातल्या 11 कर्णबधिर पुरुषांवर प्रयोग केले. त्यांच्यातल्या 10 जणांचं ऐकणं लहानपणी मेंदूज्वराने गेलं होतं. खवळलेल्या समुद्रात बोटीवर संशोधकांना उलट्या होत होत्या आणि हे लोक मजेत पत्ते खेळत होते. त्यांची तोलाची यंत्रणाच बंद होती, त्यामुळे त्यांना बोट लागत नव्हती. म्हणून तुमचं मूल गोल गोल फिरूनही चक्कर येत नाही म्हणून खिदळत असेल, गाडीच्या प्रवासात त्याला कधीच मळमळत नसेल, तर कौतुक जरूर करा, पण डॉक्टरांना तेही सांगा. ती महत्त्वाची खूण असू शकते.

आता मनात येईल की तोलाची यंत्रणा बंद असेल तर मूल उभं तरी कसं राहतं? राहतं, कारण माणूस तीन आधारांवर उभा असतो. डोळे, पायांचे तळवे आणि स्नायूसांधे, आणि आंतरकर्ण. एक आधार गेला की मेंदू उरलेल्या दोघांवर भार टाकतो. मुलांचा मेंदू हे फार लवकर शिकतो. त्यामुळे चार-पाच वर्षांचं असं मूल सपाट अंगणात, भरपूर उजेडात इतर मुलांसारखंच चालताना दिसतं. त्याची परीक्षा होते ती आधार काढून घेतल्यावर. लखनौत पाहुणे आले की आम्ही त्यांना बडा इमामबाडा दाखवायला नेतो. नवाब आसफउद्दौलाने 1784 मध्ये, दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून तो बांधायला घेतला. त्याच्या भूलभुलैयात अरुंद, अंधारे बोळ आहेत आणि पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. तिथे डोळ्यांना दिसत नाही आणि तळव्यांना अंदाज येत नाही. सगळी भिस्त आंतरकर्णावर. अशा ठिकाणी एखादं मूल भिंत सोडायला तयार होत नाही, पायरीवर बसकण मारतं, बसून बसून खाली उतरतं. लोक त्याला भित्रं म्हणतात. मुळात त्याचा तिसरा आधार त्याच्याजवळ नसतो. घरी दिवे गेल्यावर, अंथरुणांच्या गाद्यांवरून चालताना, वाळूत, नांगरलेल्या शेतात हेच दिसेल.

कोणत्या मुलांकडे जास्त लक्ष द्यायचं? मेंदूज्वरानंतर ऐकणं गेलेल्या मुलांत तोलाची हानी फार आढळते. गर्भारपणात सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग झालेली बाळं, आंतरकर्णाची घडणच वेगळी असलेली मुलं, नवजात अतिदक्षता विभागात जेंटामायसिनसारखी औषधं घ्यावी लागलेली मुलं, यांच्याकडेही डोळा ठेवायला हवा. ती औषधं त्या वेळी जीव वाचवण्यासाठी दिलेली असतात, म्हणून कुणाला दोष देऊ नका. फक्त ती माहिती फाइलमध्ये नीट लिहून ठेवा. याउलट, आपल्याकडे बरंच आढळणारं कनेक्सिन 26 या प्रथिनाच्या जनुकाचं जे आनुवंशिक कारण आहे, त्यात तोल बहुधा बराच शाबूत असतो. म्हणजे ऐकू न येणाऱ्या प्रत्येक मुलाला हा त्रास असतोच असं नाही. म्हणून तर तपासणी करायची.

खुणा अगदी पहिल्या वर्षापासून दिसतात. बाळ साधारण चौथ्या महिन्यापर्यंत मान धरतं, आठव्या-नवव्या महिन्यात आधाराशिवाय बसतं आणि बहुतेक बाळं दीड वर्षाच्या आत चालतात. मान उशिरा धरली, बसवलं तर बाळ लगेच कलंडतं, अठरा महिने उलटले तरी पाऊल टाकत नाही, आणि ऐकण्याचाही दोष आहे, या गोष्टी एकत्र आल्या की तोलाची तपासणी मागा. सहा-सात वर्षांच्या पुढच्या मुलासाठी एक सोपी चाचणी आहे. टोरांटोच्या ‘हॉस्पिटल फॉर सिक चिल्ड्रन’मध्ये शेरॉन कशिंग, ब्लेक पॅपसिन, कॅरन गॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. त्यांना असं आढळलं की डोळे मिटून एका पायावर मुलाला 4 सेकंदही उभं राहता येत नसेल, तर दोन्ही बाजूंची यंत्रणा बंद असल्याची शंका घ्यावी. घरी करून बघायची असेल तर गादीजवळ, स्वतः शेजारी उभं राहून करा. यावरून निदान होत नाही, फक्त डॉक्टरांशी बोलायला एक धागा मिळतो. पुढच्या तपासण्या तज्ज्ञ करतात: मान झटकन वळवून डोळ्यांची हालचाल बघणं, फिरत्या खुर्चीची चाचणी, मानेच्या स्नायूंवर इलेक्ट्रोड लावून केली जाणारी ‘वेम्प’. त्या लहान मुलांतही करता येतात आणि दुखत नाहीत.

शस्त्रक्रियेविषयी मनात असलेली भीतीही बोलून टाकूया. “ऑपरेशनने चालणं बिघडेल का?” सर्जन कॉक्लियात बारीक इलेक्ट्रोड सरकवतात. तिला अगदी लागून असलेल्या पिशवीला त्याचा धक्का लागू शकतो. काही मुलांत त्यानंतर तोलाचं काम थोडं मंदावल्याचं दिसतं. बहुतेक मुलं काही दिवस झोकांड्या खातात, चिडचिड करतात, मांडीवरून उतरत नाहीत, आणि हळूहळू पूर्ववत होतात. मोठ्या माणसांना, विशेषतः वय झालेल्यांना, हे जास्त दिवस जाणवतं. शस्त्रक्रियेनंतर कानाबाहेरचं मशीन सुरू होईपर्यंतचे तीन-चार आठवडे मुलाला ऐकूही येत नसतं आणि तोलही कच्चा असतो. त्या काळात जिन्याला फाटक लावा, बाथरूम कोरडं ठेवा, मूल चालत असेल तर बरोबर राहा. एवढ्या भीतीपोटी इम्प्लांट पुढे ढकलू नका. भाषा शिकण्याची वर्षं थांबत नाहीत, आणि मेंदूज्वरानंतर तर कॉक्लियात हाड भरत जाऊ शकतं, तिथे विलंब फार महाग पडतो.

पण शस्त्रक्रियेच्या आधी एक प्रश्न जरूर विचारा: “डॉक्टर, तोल कुठल्या कानाचा चांगला आहे?” एका कानाचीच यंत्रणा काम करत असेल आणि इम्प्लांट एकाच बाजूला होणार असेल, तर ऐकण्याच्या दृष्टीने दोन्ही कान सारखेच असताना तोल शाबूत असलेला कान राखून ठेवण्याचा विचार करता येतो. दोन्ही कानांची शस्त्रक्रिया एकाच वेळी करायची की अंतराने, हे ठरवतानाही ही माहिती उपयोगी पडते. निर्णय सर्जनचाच, पण पालकांनी विचारलं की ही तपासणी राहून जात नाही.

आता या विषयातली मला सर्वांत आवडणारी बाजू. नव्याने आलेलं ऐकणं चालायला मदत करतं का? करतं, थोडी, पण किती, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही. टोरांटोच्या अभ्यासांत मशीन लावलेलं असताना काही मुलांचा तोल किंचित सुधारलेला दिसला. काही अभ्यासांत फरक दिसला नाही. कारण समजायला सोपं आहे. एका जागी स्थिर असलेला आवाज, मग तो पंख्याचा असो, मंदिरातल्या घंटेचा असो किंवा आईच्या हाकेचा, आपल्याला न कळत एक खूण देतो की मी कुठे आहे आणि किती वळलो. दोन्ही कानांनी ऐकू येत असेल तर ही खूण अधिक पक्की होते, कारण आवाजाची दिशा दोन कानांमुळे कळते. शिवाय स्वतःच्या पावलाचा आवाज असतो. पाऊल जोरात पडलं की घासत पडलं, फरशीवर पडलं की मातीत, हे ऐकून मूल पुढचं पाऊल ठरवतं. आपल्याकडे चालायला शिकणाऱ्या बाळाच्या पायात वाळे, पैंजण घालायची रीत आहे. इम्प्लांट झालेल्या मुलाच्या पायात ते आवर्जून घाला. पायाचा आणि आवाजाचा संबंध त्याच्या लक्षात येऊ द्या. लखनौ कथकचं गाव. इथल्या कलामंडळींच्या घरात मुलं घुंगरू बांधून ताल पायाने मोजतात. पाऊल टाकून तो मोजायला इम्प्लांट झालेल्या मुलांनाही आवडतं.

टोरांटोच्या त्याच गटाने एक वेगळा प्रयोगही केला. डोकं कलेल तशी इम्प्लांटमधून सूचना देणारं उपकरण बनवलं आणि दोन्ही बाजूंची तोलाची यंत्रणा बंद असलेल्या मुलांचा तोल त्याने सुधारल्याचं दाखवलं. त्याला त्यांनी ‘बॅलन्सीआय’ हे नाव दिलं. ते अजून संशोधनाच्या पातळीवर आहे, दुकानात मागू नका. पण हे विज्ञान कुठल्या दिशेने चाललं आहे हे तुम्हाला माहीत असावं.

मात्र ऐकण्याचा भार चालण्यावर पडतो, हेही खरं. मशीनमधून येणारा आवाज समजून घ्यायला मुलाला आपल्यापेक्षा जास्त लक्ष द्यावं लागतं. अमीनाबाद बाजाराच्या गर्दीत तुम्ही त्याच्याशी बोलत चालता, तेव्हा ते एकीकडे तुमचे शब्द पकडत असतं आणि दुसरीकडे पाय सांभाळत असतं. अशा वेळी ते ठेचकाळतं किंवा तुमचं बोलणं त्याच्या लक्षात येत नाही. मग आपण म्हणतो, “लक्ष कुठे असतं तुझं?” त्याचं लक्ष दोन्हीकडे असतं, म्हणून ते थकतं. महत्त्वाचं सांगायचं असेल तर थांबा, त्याच्यासमोर या, बोला, मग पुढे चला. ई-रिक्षा तर फार हळू आवाजात येतात. एकाच कानाला मशीन असलेल्या मुलाला त्या कुठल्या बाजूने आल्या ते कळत नाही. रस्ता ओलांडताना आधी थांबायचं, मग मान वळवून दोन्हीकडे बघायचं, मग चालायचं. चालता चालता मान वळवणं हीच या मुलांची अवघड जागा आहे. पाणसळ बंद असलं की मान हलताना नजर स्थिर राहत नाही आणि समोरची पाटी फिसकटल्यासारखी दिसते. शाळेत फळ्यावरून वहीत, वहीतून फळ्यावर बघताना हाच त्रास होतो. बाईंना हे सांगा. त्याला समोरच्या बाकावर, फळ्याच्या सरळ रेषेत बसवायची विनंती करा.

तोलाचा पडण्याशी असलेला संबंध तर इम्प्लांटलाही लागू होतो. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या टोरांटोच्या अभ्यासात, दोन्ही बाजूंची तोलाची यंत्रणा बंद असलेल्या मुलांमध्ये आतलं इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण इतर मुलांपेक्षा कितीतरी पट जास्त आढळलं. असं मूल वारंवार पडतं, डोक्यावर पडतं, आणि त्वचेखालच्या यंत्राला मार लागतो. मग दुसरी शस्त्रक्रिया. इतक्या कष्टाने मिळवलेलं ऐकणं टिकवायचं असेल तर तोलाची काळजी घेणं त्याच कामाचा भाग आहे. सायकल, स्केटिंगसाठी हेल्मेट घालायलाच हवं. डोक्याला जोराचा मार लागला आणि मूल आवाजाला दाद देईनासं झालं, किंवा नाकातून पाण्यासारखा पातळ स्राव येऊ लागला, ताप येऊन मान आखडली, तर घरी वाट बघू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. न्यूमोकोकल लस दिली आहे का हेही तपासा. इम्प्लांट असलेल्या मुलांत मेंदूज्वराचा धोका थोडा जास्त असतो. सरकारी लसीकरणात ही लस 2017 पासून टप्प्याटप्प्याने आली आणि उत्तर प्रदेशातले काही जिल्हे पहिल्या टप्प्यात होते.

पाण्याबद्दल मात्र मी कळकळीने सांगते. मे महिन्यात गावी गेल्यावर आपण पोरांना पाठीला डबा किंवा भोपळा बांधून विहिरीत सोडतो. इम्प्लांट झालेलं मूल पाण्यात उतरताना बाहेरचं मशीन काढावं लागतं, म्हणजे हाक ऐकू येत नाही. तळव्यांना जमीन नाही. पाण्याखाली डोळ्यांपुढे सगळं धूसर. आणि आंतरकर्ण बंद असेल तर वर कुठे, खाली कुठे हेच समजत नाही. मूल पृष्ठभागाऐवजी तळाकडे पोहू शकतं. विल्यम जेम्स यांनीही आपल्या लेखात हा धोका नोंदवला होता. पोहायला शिकवा, जरूर शिकवा, पण उथळ, स्वच्छ पाण्यात, जाणकाराच्या हाताच्या अंतरावर. खोल विहिरीत किंवा नदीत एकट्याने सूर मारायला या मुलांना कधीही परवानगी देऊ नका.

अंधाराचंही तसंच. लखनौत पौष-माघात दाट धुकं पडतं, सकाळी शाळेची बस दहा पावलांवर दिसत नाही. त्या दिवसांत ही मुलं जास्त धडपडतात. हात धरा, विजेरी द्या, पायात घसरणारी चप्पल नको, घट्ट बसणारा बूट हवा. घरात रात्री एक मंद दिवा लावून ठेवा. पण मोठं झाल्यावर अंधारात मूल पूर्वीपेक्षा जास्त ठेचकाळू लागलं, तर डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. अशर सिंड्रोमच्या एका प्रकारात जन्मतः तीव्र श्रवणदोष, तोलाची यंत्रणा बंद आणि पुढे रातांधळेपणा, अशी क्रमाने लक्षणं येतात. ते लवकर कळलं तर शिक्षणाची आखणी वेळेत करता येते. आणखी एक: मूल पळताना, घाबरल्यावर किंवा रडता रडता एकदम बेशुद्ध पडत असेल, तर ते तोल जाणं समजू नका. जन्मजात बहिरेपणाबरोबर क्वचित हृदयाच्या ठोक्यांचा एक गंभीर दोष असतो. साध्या ईसीजीत त्याची शंका येते. ईसीजी काढून घ्या.

आता करायचं काय? घाबरून मुलाला कडेवर घेऊन बसायचं नाही, हे सर्वांत आधी. अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्ट रोझ मेरी राइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये दाखवून दिलं की श्रवणदोष आणि तोलाचा दोष दोन्ही असलेल्या मुलांना 12 आठवडे, आठवड्यातून तीनदा, अर्धा तास नीट आखलेला व्यायाम दिला, तर त्यांच्या हालचालींमधलं मागे पडणं थांबतं आणि तोल सुधारतो. ज्यांना व्यायाम मिळाला नाही, ती मुलं मागे पडत गेली. मुलं आपोआप शिकतील अशी आशा करत बसण्यापेक्षा असा व्यायाम फार मोलाचा आहे.

बाळ लहान असेल तर त्याला जास्तीत जास्त वेळ पालथं खेळू द्या, मांडीवर बसवून हळू डावी-उजवीकडे कलवा, वळून खेळणं घ्यायला लावा. चालायला शिकवताना हाताने ढकलायचा आपला लाकडी पांगुळगाडा चालेल, तोही सपाट जमिनीवर आणि तुम्ही जवळ असताना. बाळाला आत बसवायचा चाकांचा वॉकर मात्र आणू नका. तो जिन्यावरून पडायला कारण होतो, चालणं शिकवत नाही. कॅनडाने तर 2004 मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. मूल तीन-चार वर्षांचं झालं की गोमतीनगरच्या लोहिया पार्कात किंवा तुमच्या जवळच्या कुठल्याही बागेत गवतावर अनवाणी चालवा, विटांच्या कडेवरून हात धरून चालवा, झोपाळ्यावर बसवा. त्याहून मोठ्यांसाठी आपले खेळ आहेतच. लंगडी घ्या. एका पायावरचं असं प्रशिक्षण विकत मिळणार नाही. ठिक्कर खेळा. फुगडी घाला, आधी हळू, मग जरा वेगाने. चालता चालता भिंतीवरची चित्रं मान वळवून ओळखायला लावा. तुम्ही मागे उभं राहून नाव घ्या, त्याने थांबून, वळून तुमच्याकडे बघावं. यात ऐकणंही आलं आणि तोलही. गादीवर उभं राहून चेंडू झेलणं, आणि पुढे तेच डोळे क्षणभर मिटून करणं, हे तज्ज्ञांना विचारून वाढवा. स्पीच थेरपी रोज करता, त्यातच पंधरा-वीस मिनिटं या खेळांना द्या. भावंडांना आणि आजोबांनाही सामील करा. वय झालेल्या माणसांचं ऐकणं कमी झालं की त्यांचं पडणंही वाढतं, हे जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी 2012 मध्ये दाखवलं. आजोबांनीही कान तपासून घेतला तर बरं.

खर्चाची काळजी तुमच्या चेहऱ्यावर दिसते, म्हणून तेही सांगते. केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेतून लहान वयाच्या, गरजू कुटुंबांतल्या मुलांना इम्प्लांट मिळतं, आणि त्या कामाची नोडल संस्था आपल्या मुंबईत, वांद्र्यालाच आहे. अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था, स्थापना 1983. मुलांच्या तपासणीचा ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ही 6 फेब्रुवारी 2013 रोजी आपल्या पालघरमधूनच सुरू झाला, जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांचा श्रवणदोष त्यात तपासला जातो आणि पुढच्या उपचारासाठी जिल्ह्याच्या केंद्रात पाठवलं जातं. लखनौ असो की लातूर, या दोन्ही दारांवर तुमचा हक्क आहे. या योजनांत बोलण्याच्या प्रशिक्षणाचा विचार केलेला असतो. तोलाच्या प्रशिक्षणाचं मात्र तुम्हालाच विचारावं लागेल. लाजू नका, विचारा.

आईबाबांनो, लेकरू ‘आई’ म्हणेल त्या दिवसाची वाट तुम्ही डोळ्यांत प्राण आणून बघता, आणि बघायलाच हवी. पण त्याच लेकराने अंगणातून धावत येऊन ‘आई’ म्हणावं, हेही तुमचंच स्वप्न आहे. म्हणून पुढच्या वेळी मॅपिंगला, म्हणजे मशीनचा आवाज जुळवून घ्यायला जाल, तेव्हा ऑडिओलॉजिस्टना आणि सर्जनना स्पष्ट विचारा, “याच्या तोलाची तपासणी झाली आहे का? नसेल तर कधी करायची?” उत्तर फाइलमध्ये लिहून घ्या, फिजिओथेरपिस्टकडे चिठ्ठी मागा, आणि त्याच संध्याकाळी लेकराबरोबर लंगडी खेळायला सुरुवात करा.